पिवळ्याची पारख

अहो, जरा जवळ या. असं वरवर, एक डोळा कागदावर नि एक डोळा चुलीवरच्या दुधावर ठेवून वाचायचं असेल तर मी कशाला लिहू? दूध उतरवून ठेवा आधी. हां. आणि आता तो पाण्याचा पेला उचललात, तो थेट तोंडाला लावलात! आत काय आहे ते बघितलंत तरी का? नाहीच बघितलं. कुणीच बघत नाही. तुमचं सोडा, चाळीस वर्षं मीही कधी बघितलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या गेणूभाऊंनी तुम्हाला असं करताना पाहिलं असतं ना, तर हातातला पेला काढून घेतला असता आणि पाच मिनिटं तहानलेलं बसवलं असतं. मला बसवलंय. माझ्या सासऱ्यांना बसवलंय. भर मांडवात नवरदेवाला बसवलंय.

गेणूभाऊ शेलार म्हणजे भिंगारात आमच्या ओळीतली शेवटची खोली. माणूस उंच, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा, आणि बोलणं जामखेडकडचं. लष्कराच्या पाणीखात्यात नोकरी, पण शिपाईगडी नव्हे, साधा नोकरमाणूस. काम एकच. पाण्यात औषध किती आहे ते बघायचं. विहिरीत नि टाकीत ती पांढरी पावडर टाकतात ना, नाकाला झोंबणारी? तिच्यातलं क्लोरीन पाण्यात उरलंय का, आणि उरलंय तर किती, हे बघायची लाकडी पेटी त्यांच्या खांद्याला कायम लटकलेली. पेटीत काचेच्या नळ्या, थेंबाची बाटली आणि पिवळ्या काचांची एक गोल चकती. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. औषध असलं तर पाणी पिवळं पडतं. नसलं तर पाणी ते पाणीच. मग तो पिवळा चकतीवरच्या कुठल्या पिवळ्याशी जुळतो ते बघायचं नि तिथला आकडा वहीत मांडायचा.

ऐकायला एवढंच. पण गेणूभाऊ ते करायला लागले की बघणारा चूल विसरायचा. मी विसरलेय, भाकरी जाळलीय.

पहिला नियम असा की तोंड उत्तरेला. कुठेही असोत, गडी आधी गर्रकन वळून उत्तर धरणार. "सूर्याकडं धरून बघितलं तर ऊन आपलंच पिवळं त्यात घालतंय वहिनी. उत्तरेचं आभाळ कुनाच्याच बाजूचं न्हाई." दुसरा नियम, नळीच्या पाठीमागे पांढरं पाहिजे. आता पांढरं काही दर वेळी हाताशी नसतं. मग जे असेल ते. आमचे मामंजी धोतर नेसून ओट्यावर सुपारी कातरत बसायचे. गेणूभाऊ आले की मामंजींच्या मांडीशी उकिडवे बसून नळी धोतरावर धरायचे.

"मामा, हलू नका."

"अरे, मी मानूस हाय का भिंत?"

"मानूसच. पर धोतर झ्याक हाय. हलू नका, पिवळं सांडंल."

आणि तिसरा नियम पाच मिनिटांचा. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं पुरती जाऊ द्यायची. मनगटावर घड्याळ असूनही ते बघायचे नाहीत, तोंडाने मोजायचे. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून. मामंजी मुद्दाम अडीचशेला पोचले की विचारायचे, "काय गेणू, जेवलास का?" आणि गेणूभाऊ कपाळाला हात लावून पुन्हा "एक, दोन" सुरू करायचे. चिडले कधीच नाहीत. "घाईनं बघितलेला रंग म्हंजी ऐकीव गोष्ट," म्हणायचे.

मांडवातली हकीकत सांगते. आमच्या ओळीतल्या शेवंताबाईच्या लेकीचं लग्न. वऱ्हाड घोडेगावचं, दुपारची वेळ, उन्हाने सगळे लालबुंद झालेले. नवरदेवाने पाणी मागितलं. पेला त्याच्या ओठापर्यंत गेला नि गेणूभाऊंनी वरच्या वर काढून घेतला. पिंपातलं पाणी टँकरचं होतं, त्यांनी बघितलेलं नव्हतं. झालं! नळी काढली, थेंब टाकले, उत्तर धरली. पांढरं म्हणून नवरदेवाचा नवा कोरा सदराच सापडला. त्याच्या छातीशी नळी धरून हा माणूस आकडे मोजतोय, भटजी थांबलेत, वाजंत्री थांबलीत. वरमाय उसळली. "काय हो, पान्यात ईख कालवलंय का काय तुमी?"

"इखाचं मला कळत न्हाई बाई. अवशीद हाय का तेवढं बघतोय. आता तुमी बोललात, म्हून परत एकपास्नं."

पाच मिनिटांनी गेणूभाऊ भर मांडवात ओरडले, "शून्य!" वरमायला वाटलं आपल्या लेकाला म्हणाले. तिची समजूत काढता काढता शेवंताबाईच्या तोंडाला फेस आला. तोवर गेणूभाऊंनी पिंपात पावडर कालवून वर तास मोजायला घेतला होता, कारण औषधाला घाण खायला वेळ द्यावा लागतो. त्या लग्नातल्या आमटीलासुद्धा दवाखान्याचा वास होता. महिनाभर शेवंताबाई बोलली नाही त्यांच्याशी. पुढे कळलं की त्याच टँकरचं पाणी पलीकडच्या आळीत गेलं होतं आणि तिथे चार घरं जुलाबाने झोपली होती. मग शेवंताबाई वाटीभर लाडू घेऊन गेली. गेणूभाऊ म्हणाले, "लाडू ठेवा. पिंप धुतलं का?"

माणसांकडेही ते याच नजरेने बघायचे. त्यांचा एक आवडता शब्द होता, शिल्लक. "पावडर किती टाकली त्याला काय अर्थ न्हाई वहिनी. पान्यात जेवढी घान, तेवढं अवशीद खल्लास हुतं. घान खाऊन जे शिल्लक ऱ्हातं त्याचा रंग चढतो." आणि मग एखाद्याचं नाव निघालं की म्हणायचे, "त्याच्यात शिल्लक न्हाई." किंवा, "लई हाय, जवळ गेलं की डोळ्याला झोंबतो." मला एकदा म्हणाले, "सासू-सासरे, चार पोरं, दुकानाची उठाठेव, समदं खाऊन तुमच्यात अजून शिल्लक हाय." सायकलच्या दुकानातून आमचे हे घरी आल्यावर मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कुणी एवढं मोठं सर्टिफिकेट देतं का हो?

असो. मुद्द्यावर येते, नाहीतर तुमचं दूध पुन्हा चुलीवर चढायचं.

गेणूभाऊंनी पोहण्याचा तलाव पहिल्यांदा बघितला तो नोकरीला लागल्यावर. जामखेडकडे त्यांच्या लहानपणी रात्रभर विहिरीत झिरपलेलं पाणी सकाळी वाटीने भरायचे. आणि इथे लष्कराच्या क्लबात निळ्या फरशीचा, दोन पुरुष खोल, काठोकाठ तलाव! "वहिनी, मी चपला काढल्या नि हात जोडले. एवढं पानी, आन् पेत कोनीच न्हाई! वर लोक त्यात पाय घालत्यात!" त्यांनी स्वतः पंधरा वर्षं त्या तलावाचं पाणी रोज दोनदा तपासलं, पण पायाचा अंगठा कधी आत बुडवला नाही. एक तर पाप वाटायचं, आणि दुसरं म्हणजे भीती. पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यालाही ते भ्यायचे.

त्यांना ही पेटी शिकवली होती पाणीखात्यातल्या एका कॅप्टनसाहेबांनी. साताऱ्याकडचे, मराठा गृहस्थ. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिंगारच्या वेशीपाशी छोटा बंगला बांधला आणि मागच्या अंगणात स्वतःपुरता पोहण्याचा हौद केला. लांबी वीस फूट, रुंदी बारा, पाणी मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं. एका कडेने उतरती फरशी, तिथे पोराच्याही कमरेएवढंच. कॅप्टनसाहेब गेले, हौद राहिला. माईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो बुजवायला निघाल्या होत्या. तेवढ्यात मुलाने आपली लेक त्यांच्याकडे आणून ठेवली. नंदा तिचं नाव. सात वर्षांची, बोलायला मिरचीसारखी, आणि पोलिओने दोन्ही पाय लुळे. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर हे पाय तिला पेलायचे नाहीत, पाण्यात पेलतील. रोज पाण्यात उभं करा, पाय हलवायला लावा, एक दिवस खंड नको.

तेव्हापासून गेणूभाऊ कामावर जायच्या आधी रोज सकाळी बंगल्यावर. हौदाचं पाणी बघायचं, पावडर लागली तर घालायची, वहीत आकडा लिहायचा, सही करायची. मोबदला एक कप चहा, तोही उभ्याने. "कॅप्टनसाहेबांचा हौद हाय," एवढंच म्हणायचे.

आणि मग तो दुष्काळ आला. तुम्हाला काय सांगायचा, तुम्हीही भोगलाय. क्लबातला तलाव रिकामा करायचा हुकूम निघाला. शेवटचं पाणी झाडांना सोडलं तेव्हा गेणूभाऊ काठाशी टोपी काढून उभे होते. बंगल्याच्या विहिरीने तळ दाखवला. हौदातलं पाणी दिवाळीत भरलेलं. ते आता पावसाळ्यापर्यंत बदलता येणार नव्हतं. ते काढून टाकलं तर नंदाचे पाय थांबले, आणि ठेवलं तर तेच जुनं पाणी सात-आठ महिने निर्मळ ठेवायचं. दिवसा वर तरटं अंथरून ठेवायची, गाळायचं आणि औषधावर जगवायचं. औषध कमी पडलं तर शेवाळ आणि रोग. जास्त पडलं तर पोरीच्या डोळ्यांची आग. सगळं येऊन ठेपलं त्या नळीतल्या पिवळ्यावर.

ओळीतल्या बाया कुरकुरायच्या. "आमच्या घागरी पालथ्या, आन् तिथं पोरगी पव्हतीय." गेणूभाऊ सांगायचे, "ते आता पानी न्हाई बायांनो. ते अवशीदच हाय. प्यायला देऊ का?" मग गप्प व्हायच्या.

होळी झाली आणि गेणूभाऊंचे डोळे लाल दिसायला लागले. सकाळी कामावर निघाले की डोळे तांबडे, सुजलेले, सारखे पुसतायत. ओळीत कुजबुज. शेवंताबाई माझ्याकडे आली नि पदर तोंडाला लावून म्हणाली, "काकू, गेणूभाऊ घ्यायला लागले बरं का. भल्या सकाळीच!"

"चल, काहीतरीच!"

"आवो, चालताना उंबऱ्याला अडखळलं काल. आन् वास लपवाया पावडर फासतंय अंगाला. माझं नाकच सांगतंय."

आमचे हे म्हणाले, एकटा माणूस आहे, लागला असेल नाद, आपण नाक खुपसू नये. पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गेणूभाऊ, तोंड उघडा."

"आं?"

"आ करा. वास घेऊ द्या."

त्यांनी लहान पोरासारखा आ केला. मिसरीशिवाय कसलाच वास नाही. मी ओशाळले. ते हसले नाहीत. पेटी खांद्याला लावली, पंचा घेतला नि म्हणाले, "वहिनी, आलाच हाय तर माझ्यासंगं चला. मला तुमचं काम हाय."

बंगला दहा मिनिटांवर. मागच्या अंगणात गेलो. तरट बाजूला केलं तर खाली पाणी कसं, आरशासारखं! इकडे जमीन तडकलेली, बाभळीचं पान धुळीने पांढरं झालेलं, आणि मधोमध हे एवढं स्वच्छ पाणी, तळाची फरशी न् फरशी दिसतेय. माझेच हात जोडले गेले. गेणूभाऊंनी नळी भरली, थेंब टाकले, उत्तर धरली, पाच मिनिटं मोजली. मी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. मोजून झालं नि त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

"काय दिसतंय?"

"पिवळं."

"कसलं पिवळं?"

"लिंबाची साल उन्हात ठेवल्यावर होते तसं. फिकं."

चकती पुढे केली. "ह्यातलं कोनतं?"

मी वरून तिसऱ्या काचेवर बोट ठेवलं. एक नंबर. जसा पाहिजे तसा. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं माणूस मटकन बसतोय. आणि मग, ज्या माणसाने पंधरा वर्षांत पाण्यात अंगठा बुडवला नव्हता, तो पंचा लावून, लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरून, दातांवर दात वाजवत त्या हौदात उतरला. छातीपर्यंत. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, डोकं खाली घातलं आणि पाण्याखाली डोळे उघडे ठेवून राहिला. वर आला तो खोकत, पुन्हा खाली गेला. असं तीनदा.

"अहो, हे काय चाललंय?"

"आता पोरगी उतरंल," ते म्हणाले. डोळे लाल. दारू कसली नि काय कसलं!

पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. दिवाळीपासून धूसर दिसत होतं. संक्रांतीनंतर पिवळं गेलंच. "समदंच पिवळं दिसतंय वहिनी. मामांचं धोतर पिवळं, भिंत पिवळी, दूध पिवळं. मग नळीतलं पिवळं वेगळं कसं कळावं?" खात्यात दोन माणसं नळी बघतात, एकाची चूक दुसरा धरतो. इथे मात्र ते एकटे. महिन्यापूर्वी त्यांना नळी नि मागची भिंत एकसारखीच वाटली, रंग चढलेलाच दिसला नाही, म्हणून त्यांनी मापभर पावडर वाढवली. नंदा पाण्यात गेली नि किंचाळत बाहेर आली. दोन दिवस डोळे उघडेनात. दांडी धरून ती तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती. त्यानंतर आठ दिवस पाण्याजवळ यायचं नाव नाही. पाय पुन्हा ढिले पडले.

"माईसाहेबांना काय सांगितलंत?"

"पावडर जहाल आली म्हनून." त्यांनी ओल्या पंच्याचं टोक पिळलं. "पंधरा वर्षं सांगत आलोय, रंग खोटं बोलत न्हाई. रंग न्हाईच बोलला वहिनी. मीच बोललो."

आठ दिवसांनी नंदाने अट घातली होती. आधी गेणूबाबांनी आत जायचं, डोळे उघडून दाखवायचं, झोंबलं नाही तर मी. तेव्हापासून रोज हे असं. जास्त असलं तर स्वतःच्या डोळ्याला कळेल. पण कमी असलं तर? ते डोळ्याला कळत नव्हतं. म्हणून मला आणलं होतं.

सात दिवस मी गेले. खोटं कशाला बोलू, मला त्या पिवळ्याचं वेडच लागलं. मला वाटायचं पिवळा म्हणजे हळदीचा, झेंडूचा, झालं. तिथे कळलं की पिवळ्याला अंत नाही. कोवळ्या हरभऱ्याच्या फुटीवरचा, जुन्या कागदाचा, पिकत आलेल्या पेरूचा. आणि हा माणूस इतकी वर्षं हे सगळे ओळखत होता, एकेकाला नावानिशी! एवढी पारख गमावणं म्हणजे काय असेल, या विचाराने मला भाकरी गोड लागेना. पण वहीत सही अजून त्यांचीच पडत होती. आठव्या दिवशी मी म्हटलं, "गेणूभाऊ, मी चोरून यायची नाही. माईसाहेबांना सांगा. पोर त्यांची आहे."

"हौद तुटंल माझा."

"तुटू दे."

माईसाहेब व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. गेणूभाऊंनी पायरीखाली उभं राहून एका दमात सांगितलं. "माईसाहेब, पावडर जहाल नव्हती. डोळे माझे गेल्यात. मला पिवळं दिसत न्हाई."

सूप खाली ठेवलं त्यांनी. "कधीपासून?"

"संक्रांतीपास्नं."

"आणि तुम्ही माझ्या नातीला रोज त्या पाण्यात सोडत होतात? सही करून?"

गेणूभाऊंनी खांद्यावरची पेटी काढून छातीशी धरली.

"पेटी ठेवा इथे." ठेवली. "वही." ठेवली. "जा आता."

गेणूभाऊ वळले. फाटकापर्यंत जाताना दोनदा अडखळले. मी तिथेच उभी, जावं की थांबावं कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला. नंदा हौदाच्या काठावर बसलेली. "गेणूबाबा कुठे गेले? अजून आत नाही उतरले ते."

"नंदे, आजपासून ते येणार नाहीत. चल, मी धरते तुला," माईसाहेब म्हणाल्या.

"मी नाही उतरणार."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"म्हणू देत. आधी ते. त्यांना पाण्याची कित्ती भीती वाटते, तुला ठाऊक तरी आहे का आज्जी? त्यांचे पाय लटलट कापतात. माझ्यापेक्षा जास्त. तरी उतरतात."

माईसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. सकाळी त्या देवघरात असायच्या. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं सगळं, डोकं पाण्यात घालून डोळे उघडे ठेवतात तेसुद्धा, आणि ओळीत त्यांना दारुडा म्हणतात तेसुद्धा. माईसाहेबांनी वही उघडून शेवटचं पान बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला पिवळं दिसतं?"

"दिसतं."

"किती शिकलात?"

"चौथी. पण आकडे येतात."

"मग आकडा तुम्ही वाचायचा, सही तुमची." आणि उठून, फाटकापाशीच घुटमळणाऱ्या गेणूभाऊंना मोठ्याने हाक मारली, "गेणूभाऊ! पंचा इथेच राहिला की तुमचा. उद्या लागेल ना?"

अशी मी, सायकलच्या दुकानदाराची बायको, त्या उन्हाळ्यात पाणी तपासणारी झाले. मामंजी म्हणाले, "आता माझं धोतर घरच्याच मानसाला लागायचं." रोज माझा आकडा, गेणूभाऊंची डुबकी आणि मग नंदा. ते दोघे दांडी धरून समोरासमोर उभे राहायचे. ती त्यांना दटावायची, "दांडी इतकी घट्ट नाही धरायची, गेणूबाबा. श्वास घ्या." छप्पन्न वर्षांचा माणूस निमूट श्वास घ्यायचा.

वैशाखातली गोष्ट. उतरत्या फरशीवर गेणूभाऊंचा पाय सटकला. पाणी तिथे मांडीएवढंच, पण भ्यालेल्या माणसाला कसली मांडी नि कसलं काय! हातातली दांडी सुटली, चेहरा पांढराफटक, हात नुसते पाण्यावर आपटतायत. माईसाहेब नि मी काठावर, धावेपर्यंत वेळ जाणार. आणि नंदाने दांडी सोडली. सोडली, आणि पाण्यातून तीन पावलं टाकली. पाण्याने उचलून धरली म्हणा, काही म्हणा, पण तिच्या पायांनी टाकली, मी डोळ्यांनी बघितली. जाऊन त्यांचा हात पकडला. "उभे राहा. इथे खोल नाहीये. माझ्याकडे बघा."

ते उभे राहिले. दोघे त्या उथळ पाण्यात, कशालाही न धरता, एकमेकांचा हात तेवढा धरून. माईसाहेब पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मी रडले नाही. माझ्या हातात नळी होती, हलवून चालणार नव्हतं.

परत येताना गेणूभाऊ उजवा हात जरा अंगापासून लांब धरून चालत होते, ओल्या रंगाचा असल्यासारखा. ओळ जवळ आली तेव्हा म्हणाले, "तिनं सोडला न्हाई, वहिनी. मी म्हनलं, सोड पोरी, सावरलोय मी. तरी बाहेर येऊस्तवर सोडला न्हाई."

त्यांची बायको लग्नानंतर वर्षातच, पहिल्या बाळंतपणात गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यांचा हात कुणी शेवटचा कधी धरला असेल, हे मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

पाऊस झाला, हौदाचं पाणी बदललं. नंदा आता लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून, काठ्या टेकत फाटकापर्यंत येते. आणि थंडी पडल्यावर, डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करतात ना, गेणूभाऊंचे मोतीबिंदू काढले. आमच्या मधल्या खोलीत खाट टाकलीय त्यांना. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी बजावलंय, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. शिरा भरवतेय मी. नंदा दुपारी टांग्याने येऊन बसते, तेवढा वेळ बरा जातो. बाकी दिवसभर नुसते छताकडे तोंड करून पडलेले असतात. दार वाजलं की विचारतात, "कोन आलं?" मी सांगते, दूधवाला. पुन्हा वाजतं, "कोन आलं?" शेवंताबाई.

पण वाऱ्यानेही वाजतं हो दार. तरी विचारतातच, आणि वारा होता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पट्टी सुटायला अजून बारा दिवस आहेत. भिंगार काही लांब नाही. घटकाभर त्यांच्यापाशी बसायला या ना. लवकर या.